उणे एक

सोमवार, ३ जून

चार हजारांवर तक्रारी! आणि हा फक्त पहिला दिवस.

सकाळी लॉर्ननं जुना प्रोग्रॅम माझ्या टेबलावर टाकला. प्रोग्रॅम काही टाकण्यासारखी वस्तू नाही, पण लॉर्न प्रत्येक गोष्ट टाकतोच. कंपनी त्याची आहे, टाकू दे. डुकरांच्या शेडमधले पंखे चालवणारा प्रोग्रॅम – गरम झालं की पंखे वाढव, गार झालं की कमी कर, काही बिघडलं तर मालकाला फोन लाव. वीस वर्षांपूर्वी बत्तीस बिटांच्या यंत्रासाठी सी भाषेत लिहिलेला. ज्यानं लिहिला तो आता ॲरिझोनात गोल्फ खेळतो. ते यंत्र बनायचं बंद झालं. नवं चौसष्ट बिटांचं आहे, आणि एकातला प्रोग्रॅम उचलून दुसऱ्यात ठेवायचा आहे. "नुसता ठेवायचा," असं लॉर्न म्हणाला. मी ठेवला. प्रोग्रॅम वाचून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपाइलरनं ओळीओळीवर बोट ठेवून वॉर्निंग द्यायला सुरुवात केली. मी कॉफी घेऊन परत आलो तरी त्याचं चालूच होतं.

पहिलं नवं यंत्र जुलैच्या सुरुवातीला शोनटालला बसणार. आयझॅकच्या शेडमध्ये – माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या. "घरचं गिऱ्हाईक, आरडाओरडा करणार नाही," लॉर्न म्हणाला. खरं आहे. गेल्या ऑक्टोबरात टीना गेली, तेव्हापासून आयझॅक ओरडणं सोडाच, धड बोलतही नाही. पण मॅनिटोबातला जुलै, बंद शेड – पंखे थांबले आणि कोणाला कळलं नाही, तर अर्ध्या तासात सगळी जनावरं गुदमरतात. आणि बायको गेल्यावर त्याच्याकडे जनावरांशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

देवा, माझे हात सांभाळ. आणि कंपाइलरला जरा कमी बोलू दे.

मंगळवार, ४ जून

जेवताना ट्रूडीनं विचारलं, नक्की बिघडलंय काय? सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या कामाबद्दल विचारलेला हा बहुधा तिसरा प्रश्न. मी उत्साहानं काटा खाली ठेवला. (ही चूक. वरेनिकी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, गार झाल्या.)

सांगितलं ते असं – यंत्रात प्रत्येक गोष्ट कुठेतरी ठेवलेली असते आणि तिला पत्ता असतो. त्या पत्त्याला पॉइंटर म्हणायचं. जुन्या यंत्रात पत्ता आणि साधा पूर्णांक एकाच मापाचे होते, म्हणून ॲरिझोनावाला पत्ते सरळ पूर्णांकाच्या खणात कोंबायचा. बसायचे. नव्या यंत्रात पत्ता दुप्पट लांब झाला आणि पूर्णांकाचा खण तेवढाच राहिला. आता कोंबलं की अर्धा पत्ता कापला जातो. आपल्या गावात चार पीटर फ्रीझन होते की नाही? लोहार पीटर, लांब पीटर, ओढ्यापलीकडचा आणि तो तिसऱ्यांदा लग्न केलेला. पाकिटावर नुसतं 'पीटर' लिहिलं, तर पत्र कोणाला जाईल?

"तिसऱ्यांदा लग्न केलेल्याला," ट्रूडी म्हणाली. "त्यालाच पत्रं यायची." मग म्हणाली, "पूर्ण नाव लिहा की मग."

तेच तर काम आहे.

"आणि याचा पगार देतात?"

देतात. तिनं आणखी चार वरेनिकी वाढल्या, त्या गरम होत्या.

गुरुवार, ६ जून

उपाय सापडला! कास्ट.

वॉर्निंग आली की त्या ओळीत कंसात दोन शब्द लिहायचे. अर्थ एवढाच की बाबा, मला ठाऊक आहे, मी मुद्दाम करतोय, तू गप्प बस. कंपाइलर लगेच गप्प बसतो. इतका आज्ञाधारक श्रोता मला आयुष्यात मिळाला नव्हता.

मॅरिसेल पलीकडच्या टेबलावर बसते. मनिलाची, इथं येऊन पंधरा वर्षं झाली. मला 'कुया' म्हणते – त्यांच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात. आदरानं म्हणते असं मी धरून चाललोय. तिनं माझ्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुया, तू तक्रार मिटवतोयस की तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबतोयस?"

मी म्हटलं, सध्या तोंड. तक्रार नंतर.

शुक्रवार, ७ जून

आज हजारावर वॉर्निंग गप्प केल्या. गर्व झाला. गर्वाबद्दल प्रार्थना केली. मग पुन्हा किती झाल्या ते बघितलं.

मंगळवार, ११ जून

चाललं!

टेबलावर पुठ्ठ्याची शेड केली, चार खोल्यांची. आत एक दिवा, एक छोटा पंखा. दिवा लावला की पंखा फिरतो. सेन्सर मुठीत गरम केला की लॉर्नच्या खिशातला फोन वाजतो. लॉर्न स्वतः जाऊन डोनट घेऊन आला. मी दोन खाल्ले. मॅरिसेलनं एकच घेतला आणि विचारलं की शेड एवढीच असते का. तिला खरी शेड माहीत नसेल म्हणून मी समजावून सांगितलं की हा नमुना आहे. तिनं ऐकून घेतलं. लहान मुलांचं ऐकून घेतात तसं.

बुधवार, १२ जून

कोसळलं.

आयझॅकच्या शेडएवढ्या खोल्या आणि वर्षभराच्या नोंदी भरल्या. प्रोग्रॅम उठला आणि लगेच पडला. पुन्हा उठवला, पुन्हा पडला. शीतपेटीत ठेवलेला तिसरा डोनटही मॅरिसेलनं खाल्ला होता.

कारण लाज वाटण्याइतकं सोपं. माल थोडा असला की यंत्र तो हाताशी असलेल्या फळीवर ठेवतं. तिथले पत्ते लहान, त्यांच्या वरच्या अर्ध्या भागात नुसती शून्यं. तो भाग कापला तरी कोणाला कळत नाही. माल जास्त झाला की यंत्र तो दूरच्या कोठारात नेऊन ठेवतं, आणि तिथला पत्ता कापला की त्याला अर्थ उरत नाही. म्हणजे गाव लहान होतं, पीटर एकच होता, म्हणून पत्रं पोचत होती. आणि मला वाटत होतं, मी टपाल खातं सुधारलं.

ज्या ज्या ओळीत पत्ता कापला जात होता, त्या प्रत्येक ओळीवर कंपाइलरनं वॉर्निंग दिली होती. त्या प्रत्येक ओळीत मी कंसात लिहिलं होतं – मला ठाऊक आहे.

मला काही ठाऊक नव्हतं.

उद्यापासून सगळे कास्ट काढायचे. पूर्णांक ठेवायचाच असेल तर पत्ता मावेल एवढ्या रुंदीचा. एकेक ओळ. गावच्या शाळेत मिस पेनर चुकलेलं गणित पुसू द्यायच्या नाहीत. खाली रेघ मारून पुन्हा पहिल्यापासून मांडायला लावायच्या. माझी वही जाड व्हायची.

रविवार, १६ जून

प्रार्थना झाल्यावर गायनमंडळाचा सराव. मी खर्जात गातो. शांततेच्या जागी दोनदा आवाज लावला. हेल्गा लोवेननं पेटीवरून मान वळवून पाहिलं, म्हणाली काही नाही. तिच्यापेक्षा कंपाइलर बरा, तो निदान ओळ क्रमांक सांगतो.

आयझॅकला फोन केला. मी विचारलं पाऊस झाला का. तो म्हणाला, थोडा. मी विचारलं शेतातला कनोला कसा आहे. तो म्हणाला, बरा. मग मी बरं म्हणालो, तो बरं म्हणाला, आणि फोन ठेवला. इथून शोनटाल गाडीनं तास-सव्वा तास. टीनाच्या मातीनंतर मी तिथे दोनदा गेलोय, दोन्ही वेळा काहीतरी दुरुस्त करायला. दुरुस्त करायला काही नसलं तर त्याच्यासमोर बसून काय बोलायचं, मला समजत नाही.

शुक्रवार, २१ जून

शून्य वॉर्निंग. यावेळी प्रामाणिक शून्य – बहुतेक. शेवटी पाच-सहा हट्टी राहिल्या होत्या, कुठली किंमत कशाशी ताडून बघतोस, असल्या किरकोळ. मॅरिसेलनं घरून पान्सित आणलं होतं, त्या शेवयांचा वास सगळ्या ऑफिसभर. त्या पाच-सहांना जेवणाआधी कंसात घालून गप्प केलं. आयझॅकच्या शेडएवढी मांडणी टेबलावर दोन दिवस अखंड चालली, एकदाही पडली नाही.

लॉर्न म्हणाला, खोकी बांधा.

मंगळवार, २ जुलै

आयझॅककडे यंत्र बसवलं.

शेडमध्ये बाहेरचा रोग येऊ नये म्हणून आधी अंघोळ, मग आतलेच कपडे. आयझॅकचा अंगरखा माझ्या गुडघ्यापर्यंत आला. आरशात पाहिलं, बाप्तिस्म्याला निघाल्यासारखा दिसत होतो. त्याच्या ओठाचा कोपरा हलला असं मला वाटलं. वाटलं असेल.

सगळे पंखे एकेक करून नव्या यंत्रावर घेतले. फोनची तार अजून आलेली नाही, टेलिफोनवाले शुक्रवारी जोडून देणार. आयझॅकनं एवढंच विचारलं, "चालेल?" मी म्हटलं, चालेल. त्यानं मान डोलावली आणि खोरं उचललं. त्याचा विश्वास असाच आहे, तीन अक्षरांचा. मला जरा धाक वाटला.

बाहेर चौतीस अंश.

रविवार, ७ जुलै

हे नीट लिहायला हवं.

प्रार्थनेनंतर ट्रूडी म्हणाली, आज आयझॅककडे फास्पाला, रविवारच्या दुपारच्या फराळाला, जाऊ, मी बन भाजलेत. गेलो. बन, चीज, प्लमचा मुरंबा, थंड सॉसेज. तिघं जेवलो. बोलायला काही सुचेना म्हणून मी विचारलं, फोनची तार जोडली का. जोडली, शुक्रवारी. मग एकदा तपासून घेऊ, असं मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला टेबलावरून उठायचं होतं.

अंघोळ, अंगरखा. शेडच्या ऑफिसात आयझॅक फोन हातात धरून बसला. मी सातव्या खोलीचा सेन्सर कढत पाण्याच्या मगात बुडवला. पडदा लाल झाला. पंखे गरजले. फोन वाजला नाही.

थांबलो. पुन्हा बुडवला.

"फोन खराब असेल," आयझॅक म्हणाला.

ट्रूडीला घरातून त्याच्या नंबरवर फोन करायला लावलं. चांगला खणखणीत वाजला.

मी यंत्राची नोंद उघडली. फोन लावणारा भाग उठत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. शुक्रवारपासून त्याचं हेच चाललेलं. दोन दिवस या शेडला कोणी राखणदार नव्हता, आणि त्याआधी तर तारच नव्हती.

टेबलावर इतके दिवस चाललं, मग इथं काय वेगळं? मी विचारलं, फोनचा क्रम तू कसा लावलायस, पहिला कोण?

"पहिल्या जागी कोणी नाही."

"म्हणजे?"

"टीना होती," तो म्हणाला. "तिचा नंबर काढला. दुसरा मी आहे."

मी विचारलं, मग तू वर का नाही सरकलास?

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाषाच चुकलो. "मी दुसरा आहे, कॉर्नी," तो म्हणाला. "ती उचलायची. मी झोपलेला असायचो. मग ती मला उठवायची."

 मी गाडीतून लॅपटॉप आणला.

रिकाम्या जागेसाठी ॲरिझोनावाल्याची एक खूण होती – उणे एक. पत्त्याच्या जागी उणे एक असेल तर तिथे कोणी नाही, पुढच्याला फोन लाव. बत्तीस बिटांच्या खणात उणे एक म्हणजे सगळ्या घरांत एकच अंक, एक. मी पत्त्याचा खण रुंद केला. त्यात ठेवायची खूण मात्र जुन्याच मापाची राहिली – खालच्या अर्ध्यात एक, वरच्या अर्ध्यात शून्यं. रुंद खणात ते उणे एक राहिलंच नाही. चारशे एकोणतीस कोटी आणि वर काही लाख, असा भला मोठा पत्ता झाला. प्रोग्रॅमनं ताडून पाहिलं, हे उणे एक नाही, म्हणजे इथे कोणीतरी आहे. आणि तो त्या नसलेल्या माणसाला फोन करायला निघाला. त्या पत्त्यावर जमीन नाही. आपटला. पुन्हा उठून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यापर्यंत तो पोचणारच नव्हता.

कंपाइलरनं हेच सांगितलं होतं – ही तुलना कधीच खरी ठरणार नाही. मी त्याला कंसात घातलं होतं. शेवयांसाठी.

रविवारी काम करू नये, पण खड्ड्यात पडलेलं जनावर बाहेर काढायला हरकत नाही, असं आमचे पाळक सांगतात. डुकरांविषयी ते काही बोललेले नाहीत, पण मी विचारायला गेलो नाही. खूण एकाच जागी लिहिली, पत्त्याच्याच मापाची. प्रोग्रॅम नव्यानं तयार करून यंत्रात घातला. सेन्सर मगात.

आयझॅकच्या हातातला फोन वाजला. तो त्याकडे बघत राहिला. "वाजतोय," म्हणाला.

मी म्हटलं, उचल.

त्यानं उचलला, कानाला लावला आणि पुरा निरोप ऐकला. ती नुसती रेकॉर्ड केलेली सूचना होती. तरी शेवटी "बरं" म्हणाला.

परतताना गाडीत ट्रूडीनं विचारलं, काय बिघडलं होतं?  मी म्हटलं, एक वजाबाकी चुकली. मगातल्या पाण्यानं भिजलेले माझे मोजे तिनं पाहिले. उरलेले बन माझ्यापुढे केले.

सोमवार, ८ जुलै

लॉर्नकडे जाऊन सगळं सांगितलं. बांधून ठेवलेली यंत्रं आज बाहेर जाणार होती. तो आधी हसला. पहिली जागा रिकामी ठेवतं कोण, सगळे वरूनच भरतात, म्हणाला.

"माझा भाऊ ठेवतो," मी म्हटलं.

लॉर्न टीनाच्या मातीला आला होता. खोकी त्यानं स्वतःच गाडीतून उतरवून घेतली. एकही टाकलं नाही, खाली ठेवलं.

दिवसभर मॅरिसेल आणि मी उरलेला एकेक कास्ट उघडून बघत बसलो. प्रत्येक ठिकाणी ती एकच प्रश्न विचारायची, "इथे तुला ठाऊक आहे का, कुया?" बहुतेक ठिकाणी नव्हतं. दुपारनंतर मला कळलं की मनिलात तिचा खरा थोरला भाऊ आहे. त्याच्याशी ती रोज बोलते. मी विचारलं, रोज काय बोलता? ती म्हणाली, "काही नाही. तो काय जेवला, मी काय जेवले."

एवढ्यानं होतं?

गुरुवार, ११ जुलै

आयझॅकला फोन केला. काय जेवलास, विचारलं.  मग म्हणाला, "का?"

मी घाबरून पावसाचं विचारलं.

शुक्रवार, १२ जुलै

पुन्हा सगळं तपासून यंत्रं बाहेर गेली. लॉर्ननं डोनट आणले. मी नको म्हटलं. मग एक घेतला. मी फार टिकणारा माणूस नाही.

बुधवार, १७ जुलै

दुपारी डबा उघडला आणि माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नाही. आतून आमचीच सूचना – शोनटाल, अकरावी खोली, तापमान जास्त.  आयझॅकला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. पंख्याच्या पट्ट्यात चिंधी अडकलीय का बघतो म्हणाला, फोन कानाला तसाच ठेवून गेला, काढली, परत आला. मी ऐकत होतो.

मी विचारलं, हा फोन मला कसा आला?

"पहिल्या जागी तुझा नंबर घातलाय."

मी म्हटलं, अरे, मी इतक्या लांब, मी इथून काय करणार?

"मला उठवायचं," आयझॅक म्हणाला.